नागपुरात ई-स्पोर्ट्सचा अभ्यासक्रम: प्रस्ताव, पात्रता आणि कागदपत्रे

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयाला ई-स्पोर्ट्सचा, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांचा, नवा अभ्यासक्रम सुरू करायचा असेल, तर फायली दोन लागतात. पहिली अभ्यासक्रमाची. तिचा मसुदा अभ्यास मंडळ, विद्याशाखा आणि विद्या परिषद या वाटेने जातो. दुसरी तो अभ्यासक्रम आपल्याकडे चालवण्याच्या परवानगीची. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम १०९ खाली हा अर्ज होतो आणि अधिष्ठाता मंडळ, व्यवस्थापन परिषद असे टप्पे पार करून राज्य शासनाकडे पोहोचतो. पहिली फाईल मंजूर झाली म्हणून प्रवेशाची जाहिरात देऊ नका. स्वायत्त महाविद्यालयांना स्वतःचे अभ्यास मंडळ असते, त्यामुळे मसुद्याचे काम तिथे लवकर होते.

थेट पदवीच्या मागे लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पदवीचे नाव विद्यापीठ अनुदान आयोगाने ठरवलेल्या नावांपैकीच असावे लागते. आधी चालू पदवीतच ४ क्रेडिटचा विषय आणा: २ क्रेडिट थिअरीचे ३० तास, २ क्रेडिट प्रात्यक्षिकाचे ६० तास.

मसुदा लिहिताना सगळ्यात जास्त जपायची गोष्ट म्हणजे अभ्यासक्रम एकाच गेमवर उभा करू नये. बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया हा मोबाइल गेम भारतात जुलै २०२२ मध्ये बंद झाला आणि थेट मे २०२३ मध्ये परतला. त्यावरच परीक्षा बेतली असती तर मुलांचे वर्ष लटकले असते. म्हणून स्पर्धा संयोजन, समालोचन, प्रक्षेपण, खेळाडूंचे आरोग्य आणि कायदा ही घटकांची नावे ठेवा. प्रात्यक्षिकात विद्यार्थ्याला १६ संघांची बाद पद्धतीची स्पर्धा घ्यायला लावा. १५ सामन्यांचे वेळापत्रक, तक्रारींची नोंद आणि पंचांचा निर्णय यांच्या वहीवर गुण द्या. कोण जिंकले यावर नको.

कायद्याचा घटक वगळू नका. डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्स केंद्रीय क्रीडा विभागाकडे आले. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळण्यावर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला वेगळी मान्यता दिली. पालकांच्या मनातली जुगाराची शंका खरी असते, तिचे उत्तर प्रस्तावातच असू द्या.

शिकवणार कोण, हा प्रश्न हमखास येतो. ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’साठी, म्हणजे क्षेत्रातल्या अनुभवी व्यक्तीला शिकवायला घेण्याच्या पदासाठी, किमान १५ वर्षांचा अनुभव लागतो आणि या क्षेत्रात इतकी जुनी माणसे मोजकीच. त्यामुळे शारीरिक शिक्षण, संगणक आणि जनसंवाद विभागांतले शिक्षक एकत्र घ्या, बाहेरचे जाणकार तासिका तत्त्वावर बोलवा.

परवानगीच्या अर्जाला संस्थेचा आणि महाविद्यालय विकास समितीचा ठराव, संलग्नतेचे पत्र, शिक्षकांची यादी, संगणक प्रयोगशाळेचा तपशील, शुल्काचा तक्ता आणि मसुदा जोडा. स्पर्धेसाठी गेम वापरायला प्रकाशक कंपनीची लेखी परवानगी लागत असेल, तर तीही लावा. विद्यार्थ्यांसाठी कोणत्याही शाखेतून बारावी उत्तीर्ण ही अट पुरे. गेममधली रँक मागू नये. प्रवेशावेळी गुणपत्रिका, टीसी आणि एबीसी आयडी (विद्यार्थ्याचे क्रेडिट जमा होणाऱ्या ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मधला क्रमांक) घ्यावा.