न बघता काढलेली रेघ, न उचलता काढलेली रेघ

स्केचबुकातल्या या दोन खेळांची हमखास गल्लत होते. ब्लाइंड कंटूरमध्ये नजर वस्तूवरच ठेवायची, कागदाकडे बघायचंच नाही. कंटिन्युअस लाइनमध्ये कागदाकडे हवं तेवढं बघा, फक्त पेन उचलायचं नाही. एकात बंधन डोळ्यांना, दुसऱ्यात हाताला. घोळ होतो तो यामुळे, की ब्लाइंड कंटूरमध्येही पेन सहसा उचलत नाहीत. न बघता उचललं, तर परत नेमकं कुठे टेकवणार?

समजा, ताटात बांगडा आहे. ताजा असतानाच काढायला घ्या. उशीर झाला की डोळा खोल जातो, पोट सैल पडतं. ए५ वही, ०.५ चं पेन. डाव्या हाताचा अंगठा कागदाच्या कडेला रोवा, म्हणजे रेघ वहीबाहेर टेबलावर जायची नाही. आता पेनचं टोक बांगड्याच्या तोंडालाच टेकलंय असं समजा आणि मुंगीच्या चालीने कडेकडेने सरका. डोळा जेवढा सरकेल तेवढंच पेन. पाठीवरचा पहिला पर, मग मोकळी पाठ, दुसरा पर आणि त्याच्यामागे शेपटीपर्यंत पाच चिमुकले पर. डोक्यातला बांगडा काढताना हे पाच कधीच येत नाहीत. न बघता काढताना मात्र येतात, कारण डोळ्याला त्यांच्यावरून जावंच लागतं. आठ-दहा मिनिटं लागली पाहिजेत. दोन मिनिटांत मासा पुरा झाला, तर तो आठवणीतून आलेला आहे.

शेवटी वरची आणि खालची कड जुळणार नाही, शेपूट डोक्याएवढी होईल. होऊ द्या. मागाहून ती फट जोडली की चित्र ना इकडचं राहतं ना तिकडचं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या वस्तुचित्रात खोडरबराची सवय लागलेल्यांना हे जड जातं. चोरून बघायचा मोह आवरत नसेल, तर वीतभर पुठ्ठ्याला भोक पाडून पेन त्यातून घाला. हात पुठ्ठ्याखाली झाकला जातो.

आता तोच बांगडा न उचलता. इथे प्रमाण सांभाळता येतं. खरी अडचण डोळ्याची, कारण तो बाहेरच्या कडेपासून सुटा आहे. मग वाट शोधावी लागते: तोंडाच्या फटीतून आत शिरा, डोळ्याला वळसा घाला, तिथून कल्ल्याच्या कडेवर या आणि तिच्यावरून पोटाकडे उतरा. वाट नसेल तर आलेल्या रेघेवरूनच परत फिरा. अशी दुहेरी रेघ जिथे पडते तिथे चित्र गडद दिसतं, म्हणून ती सावलीच्या बाजूला पाडावी. नवशिके इथे एकच चूक करतात: आधी सगळी बाहेरची कड पूर्ण करतात आणि मग आत जायला दार उरत नाही.

हर्णै बंदरात मासळीच्या लिलावाच्या वेळी ब्लाइंड कंटूरच्या नादी लागू नये. दहा मिनिटांत बैलगाडी पाण्यातून वर येऊन निघूनही जाते. तिथे मिनिटभराची सलग रेघ चालते: शिंगावरून मानेला, मानेवरून जुवाला, तिथून साटीला (गाडीच्या पाटाला) आणि साटीवरून चाकाला. चाकात जिथून शिरलात तिथूनच बाहेर पडा. नांगरलेल्या होड्यांना दोरखंड आयतेच असतात. एका होडीवरून दुसरीवर जायला तेवढा पूल पुरतो. त्याही भरती-ओहोटीबरोबर फिरतात, तेव्हा सावकाशीचं काम विळी, करवंटी, चप्पल यांच्यासाठी राखा.

मधला प्रकार म्हणजे अर्धा ब्लाइंड. पेन थांबवायचं, कागदावर जागा बघायची, नजर परत वस्तूवर न्यायची आणि मगच रेघ पुढे. यात पेन उचललं तरी चालतं. त्याला सलग रेघ म्हणू नये.

पावसाळ्यात शाईपेनाने ब्लाइंड कंटूर करू नका. दमट कागदावर संथ पेन थांबलं की शाई फुटते, आणि मुंगीच्या चालीत ते जागोजागी थांबतंच. साधं बॉलपेन घ्या. त्याची शाई तेलकट, ती पसरत नाही.