नकाशा वाचता येईल इतकाच वेग

ओरिएंटिअरिंगच्या शर्यतीत वाट आखून दिलेली नसते. हाती नकाशा आणि होकायंत्र असते, नकाशावरील प्रत्येक जांभळ्या वर्तुळाच्या मध्याशी, म्हणजे प्रत्यक्षात रानात, एक नारिंगी-पांढरे निशाण उभे असते, आणि अशी सर्व निशाणे ठरलेल्या क्रमाने गाठून कमीत कमी वेळात परतायचे असते. दोन निशाणांमधली वाट ज्याची त्याने शोधायची. नागरिकांसाठीची पहिली जाहीर स्पर्धा नॉर्वेमध्ये 1897 साली झाली. जागतिक पातळीवर लांब पल्ल्याची शर्यत पुरुष विजेत्याला दीड तासाहून थोडा अधिक वेळ लागेल अशा बेताने आखली जाते, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्याने अडीच-तीन तासांची तयारी ठेवलेली बरी.

या खेळात वेगाचे गणित मॅरेथॉनपेक्षा वेगळे पडते. समजा, एखादा धावक किलोमीटरला 9 मिनिटे घेतो आणि जोर लावून ती साडेआठ करतो. दहा किलोमीटरांत त्याचे 5 मिनिटे वाचतील. पण त्या जोरापायी एक जरी निशाण चुकले तरी 5 मिनिटे सहज जातात, बहुधा अधिकच. धाप लागली की नजर नकाशावर टिकत नाही, माणूस एखादीच ठळक खूण पाहून पुढे सुटतो आणि बाकीच्या खुणा ताडून पाहण्याचे कष्ट टाळतो. म्हणून छातीचे ठोके किंवा घड्याळ यांपेक्षा सोपी कसोटी मी वापरतो: न थांबता नकाशा वाचता येत नसेल, तर वेग जास्त आहे.

ही कसोटी मला फुकट मिळालेली नाही. गोव्यातील सत्तरी तालुक्यातल्या एका सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर, सराव करताना मी उतारावर मोकाट सुटलो आणि दुसऱ्या व्हाळाऐवजी (व्हाळ म्हणजे ओढा) पहिल्याच व्हाळात उतरलो. वळण जुळले, मोठा धोंडाही जुळला. नकाशात तिथे व्हाळाला दोन फाटे होते आणि समोर एकच होता, हे मला दिसत होते. तरी ‘दुसरा फाटा झाडीत लपला असेल’ अशी मी स्वतःची समजूत घातली आणि 11 मिनिटे निशाण शोधत राहिलो. शेजारशेजारच्या सारख्या दिसणाऱ्या जागांमुळे होणारी ही चूक नवशिक्यांइतकीच मुरलेल्यांकडूनही होते, कारण मन एकदा ठरवून बसले की विरोधी पुरावाही आपल्या बाजूने वळवून घेते.

गोव्याच्या भूमीत या चुकीला वाव फार आहे. जांभ्याच्या सड्याचा माथा जवळजवळ सपाट असतो, त्यामुळे नकाशावर तिथे समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, विरळ असतात आणि कडेला मात्र त्या एकदम दाटतात. खाली एकासारखे एक व्हाळ उतरत जातात. अशा वेळी निशाणावर थेट नेम धरण्यापेक्षा मुद्दाम थोडे एका बाजूला जावे. 500 मीटरांत होकायंत्राची 5 अंशांची चूक झाली तर आपण सुमारे 44 मीटर बाजूला निघतो, आणि बाजू माहीत नसेल तर डावीकडे वळावे की उजवीकडे हेच कळत नाही. आधीच डावीकडे झुकलेलो असलो तर व्हाळ लागताच उजवीकडे वळायचे, एवढेच उरते. रंगांच्या बाबतीतही सावध राहावे. नकाशावरचा पांढरा रंग रिकामी जागा दाखवत नाही, धावता येईल असे रान दाखवतो, आणि उन्हाळ्यात केलेल्या नकाशावर मोकळा, पिवळा दिसणारा सडा ऑक्टोबरात उंच गवताने भरलेला असू शकतो. पूर्ण बाह्या आणि लांब विजार यांची शिफारस मी खाजकुयलीच्या अनुभवावरून करतो.

वाट निवडताना चढाचा हिशेब करावा. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी 1892 मध्ये सांगितलेल्या ढोबळ नियमातून असे निघते की एक मीटर चढ म्हणजे सपाटीवरचे सुमारे आठ मीटर. समोरची टेकडी ओलांडून एक किलोमीटर आणि 50 मीटर चढ असेल, तर ते अंतर 1,400 मीटरांइतके झाले. कुळागराच्या, म्हणजे माड-पोफळीच्या बागेच्या, कडेने वळसा घालून जाणारी 1,300 मीटरांची वाट त्याहून स्वस्त पडते, शिवाय तिथे डोके मोकळे राहते.

शरीराच्या तयारीत आपल्याकडे मुख्य प्रश्न दमट हवेचा आहे. एक लिटर घामाची पूर्ण वाफ झाली तर ती सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जाते, पण किनारपट्टीच्या हवेत बराच घाम नुसता ठिबकतो आणि त्याने अंग थंड होत नाही. उष्म्यात दहा ते चौदा दिवस रोज तासभर सराव केला की रक्तातील द्रव वाढतो आणि घाम लवकर सुटू लागतो. दिवसभर वातानुकूलित कचेरीत बसणाऱ्या गोंयकाराने आपण जन्मजात तयार आहोत असे समजू नये. स्नायू आणि यकृत यांत साठलेली साखर, अर्धा किलोच्या आसपास, जोराच्या धावण्यात दीड-दोन तासांत सरत येते, आणि मेंदूलाही साखरच लागत असल्याने शेवटच्या टप्प्यात नकाशा आधी धूसर होतो. तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदके घ्यावीत. मध्यम केळ्यात सुमारे 25 ग्रॅम असतात. सकाळी तीन तास आधी मीठ घालून पेज आणि वाटेत साखर-मिठाचे कोकम सरबत मला मानवते. नुसते पाणी तहानेपेक्षा जास्त पिणे मात्र धोक्याचे, कारण त्याने रक्तातील सोडियम उतरते.

खाणे निशाणाजवळ उरकू नये. हात आणि डोळे तेव्हा कामात असतात. पायवाटेवरचा लांब, सोपा टप्पा त्यासाठी नकाशा हाती येताच हेरून ठेवावा. निशाणावरचे क्रमांक 31 पासून पुढे असतात आणि ते निशाणांच्या यादीशी ताडायचे असतात. तिसऱ्या तासात मी ते मोठ्याने वाचतो, आणि काजूबागेतला राखणदार काय समजेल याची फिकीर करीत नाही.