खाजगी माहिती : पोलिसांची विनासंमती पोच (भारत)

गुन्ह्याच्या तपासासाठी किंवा सुरक्षेच्या कारणावरून एखाद्या व्यक्तीची पत्रे, संभाषणे, दूरध्वनीच्या नोंदी, बँकखाते किंवा मोबाइलमधील मजकूर तिच्या संमतीवाचून मिळवण्याचा शासनयंत्रणेचा अधिकार आणि त्यावरील मर्यादा. बोलण्यात या साऱ्याला सरसकट ‘फोन टॅपिंग’ म्हणतात. तारेला जोड देऊन ऐकण्याची ती पद्धत आता मागे पडली आहे, शिवाय संभाषण ऐकणे हा या अधिकाराचा एक भाग झाला. पोलीस ठाण्यात रोज लागते ती गोष्ट वेगळी : ‘सीडीआर काढणे’, म्हणजे कोणत्या क्रमांकावरून कोणाला, केव्हा, किती वेळ आणि कोणत्या टॉवरखालून फोन झाला, याचा तक्ता मागवणे.

या अधिकाराचे मूळ काही लेखक कौटिलीय अर्थशास्त्रातील गूढपुरुषांपर्यंत नेतात. त्या ग्रंथाचा काळच वादग्रस्त आहे. र. पं. कंगले यांनी तो मौर्यकालीन कौटिल्याचा मानला, तर थॉमस ट्राउटमन यांनी १९७१ मध्ये शैलीच्या संख्याशास्त्रीय तपासणीवरून तो अनेक हातांचा व नंतरच्या काळातील संकलित ग्रंथ असल्याचे मत मांडले. या वादाचा निकाल काहीही लागो, हेर ठेवणे ही राजनीती आहे. कायद्याने दिलेला आणि कायद्यानेच आखून दिलेला अधिकार ही कल्पना निराळी. म्हणून प्रस्तुत विषयाचा आरंभ भारतीय तार अधिनियम, १८८५ पासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

या अधिनियमाच्या कलम ५ ने ‘सार्वजनिक आणीबाणी’ उद्भवल्यास किंवा ‘सार्वजनिक सुरक्षिततेच्या’ हितासाठी संदेश अडवण्याचा अधिकार सरकारला दिला. कलमाची अलीकडील शब्दरचना १९७२ च्या दुरुस्तीची होती. तीत वरील दोन अटींपैकी एक पुरी झाल्यावर आणखी पाच कारणांपैकी एक लागे : देशाचे सार्वभौमत्व व एकात्मता, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, किंवा गुन्ह्याला चिथावणी रोखणे. येथे एक बारकावा नेहमी निसटतो. झालेल्या गुन्ह्याचा तपास हे कारण या यादीत नव्हते. तरीही व्यवहारात हे कलम मुख्यतः तपासासाठीच वापरले गेले.

टपालासाठी असाच अधिकार भारतीय टपाल अधिनियम, १८९८ च्या कलम २६ मध्ये होता. तो वाढवणारे विधेयक संसदेने १९८६ मध्ये मंजूर केले. परंतु राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यास संमती दिली नाही आणि ते परतही पाठवले नाही. ते कायदा झालेच नाही.

संविधानसभेतील प्रश्न : खाजगीपणाचा हक्क घटनाकारांनी विचारपूर्वक वगळला की तो केवळ शब्दांत यायचा राहिला, या प्रश्नावर पुढील सहा दशकांचे न्यायशास्त्र उभे आहे. म्हणून त्याचा तपशील पाहणे आवश्यक ठरते. १९४७ च्या प्रारंभी क. मा. मुन्शी यांच्या मसुद्यात घराची अभेद्यता व पत्रव्यवहाराची गुप्तता हे हक्क होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या निवेदनात व्यक्ती, घरे, कागदपत्रे व चीजवस्तू यांची अवाजवी झडती व जप्ती होऊ नये, अशी अमेरिकेच्या चौथ्या घटनादुरुस्तीच्या वळणाची तरतूद होती. मूलभूत हक्क उपसमितीने दोन्ही कल्पना स्वीकारल्या. आक्षेप आले ते अल्लादी कृष्णस्वामी अय्यर व घटनासल्लागार बी. एन. राव यांच्याकडून. पत्रव्यवहाराला असे संरक्षण दिले तर दिवाणी दाव्यांत कागदोपत्री पुरावा मिळणे अवघड होईल, हा अय्यर यांचा मुद्दा होता. झडतीची गरज तातडीची असते आणि फौजदारी प्रक्रिया संहितेतील तरतुदी पुरेशा आहेत, असाही युक्तिवाद झाला. सल्लागार समितीत ही कलमे गळाली.

विषय तेथेच संपला नाही. डिसेंबर १९४८ मध्ये मध्यप्रांत व वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी झडतीविषयक दुरुस्ती सभेपुढे मांडली. आंबेडकरांनी ती उपयुक्त असल्याचे सांगून स्वीकारण्याची तयारी दाखवली. मतदान पुढे ढकलले गेले आणि नंतर ती दुरुस्ती फेटाळली गेली. मसुदा समितीच्या अध्यक्षांनी मान्य केलेली दुरुस्ती सभेने नाकारण्याचे हे विरळ उदाहरण म्हणावे लागेल.

सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायाधीशांच्या पीठाने एम. पी. शर्मा खटल्यात (१९५४) असा अर्थ काढला, की चौथ्या दुरुस्तीसारखा हक्क घटनाकारांनी ठेवला नाही, तेव्हा तो अन्वयार्थाने आणता येणार नाही. खडक सिंग खटल्यात (१९६२) उत्तर प्रदेश पोलिसांची रात्री घरी येऊन तपासणी करण्याची पद्धत रद्द झाली. मात्र हालचालींवरील पाळत बहुमताने टिकली. न्या. सुब्बाराव यांनी भिन्नमत देताना खाजगीपणा हा वैयक्तिक स्वातंत्र्याचा भाग मानला. गोविंद खटल्यात (१९७५) तीन न्यायाधीशांनी हा हक्क सावधपणे गृहीत धरला. अखेर २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमताने खाजगीपणा मूलभूत हक्क ठरवला आणि शर्मा व खडक सिंग निर्णयांतील विरोधी भाग रद्दबातल केला. संविधानसभेतील चर्चा झडती व पत्रव्यवहार या मर्यादित प्रश्नांची होती, तिच्यावरून व्यापक हक्क नाकारल्याचा निष्कर्ष निघत नाही, असे न्या. चंद्रचूड यांनी म्हटले. हे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र पोलिसांच्या अधिकारांचा प्रश्न नेमका झडती व पत्रव्यवहाराचाच आहे, आणि तेवढ्यापुरती तरतूद सोडून दिली गेली हे ऐतिहासिक तथ्य त्याने पुसले जात नाही.

आदेश कोणाचा : दूरध्वनी ऐकण्यासाठी भारतात न्यायाधीशाचा हुकूम लागत नाही. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेच्या याचिकेवर १८ डिसेंबर १९९६ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने दूरध्वनीवरील संभाषण हा खाजगीपणाचा भाग मानला, परंतु न्यायालयीन पूर्वपरवानगीची मागणी मान्य केली नाही. आदेश केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवाने द्यावा आणि तो समितीने तपासावा, अशी व्यवस्था घालून दिली. पुढे तार नियमांतील २००७ च्या नियम ४१९अ मध्ये ती उतरली : आदेशाची मुदत ६० दिवस, मुदतवाढीसह कमाल १८० दिवस, पुनर्विलोकन समितीचे अध्यक्ष केंद्रात मंत्रिमंडळ सचिव व राज्यात मुख्य सचिव. आदेश देणारा सचिव आणि तो तपासणाराही सचिवच, ही टीका तेव्हापासून होत आली आहे. तार अधिनियमाच्या जागी आलेल्या दूरसंचार अधिनियम, २०२३ मधील ‘कलम २०’ हे जून २०२४ मध्ये लागू झाले व डिसेंबर २०२४ मध्ये नवे नियम आले. मूळ सांगाडा तोच राहिला.

संगणकीय माहितीसाठी माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६९ आहे. त्यात ‘सार्वजनिक आणीबाणी’ची अट नाही आणि गुन्ह्याचा तपास हे कारण स्पष्टपणे घातले आहे. २० डिसेंबर २०१८ च्या आदेशाने केंद्राने दहा यंत्रणांना या कलमाखाली प्राधिकृत केले.

महाराष्ट्र : महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण अधिनियम, १९९९ (मोक्का) मध्ये संभाषण अडवण्याची स्वतंत्र तरतूद आहे. तार व दूरध्वनी हा केंद्राचा विषय असल्याने राज्याला असा कायदा करता येत नाही, असे ठरवून मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये ती कलमे रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ती पुन्हा वैध ठरवली.

तिसऱ्याच्या हाती असलेली माहिती : कंपनीकडे किंवा बँकेकडे असलेली नोंद कोणाची? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये, बँकेला दिलेल्या माहितीवर ग्राहकाचा खाजगीपणाचा दावा उरत नाही, असे म्हटले होते. कॅनरा बँक खटल्यात (निकाल २००४) भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका नाकारली आणि कागद बँकेत गेला तरी त्यातील गोपनीयता ग्राहकाचीच राहते, असे ठरवले. हा निर्णय महत्त्वाचा असूनही दूरध्वनीच्या नोंदींच्या व्यवहारात त्याचा प्रभाव क्वचितच दिसतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ९१) पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी लेखी आदेशाने कागदपत्र मागवू शकतो. नव्या संहितेत इलेक्ट्रॉनिक संदेशवहन व उपकरणे यांचाही उल्लेख आला. टपाल खात्याच्या ताब्यातील पत्रासाठी मात्र दंडाधिकारी किंवा न्यायालय लागते. म्हणजे पोस्टकार्डाला जे संरक्षण आहे ते कंपनीच्या सर्व्हरवरील टॉवरनोंदीला नाही. कंपन्यांनी या नोंदी किमान दोन वर्षे जपाव्यात, अशी परवान्याची अट डिसेंबर २०२१ पासून आहे; पूर्वी ती मुदत एक वर्षाची होती.

मोबाइल व पासवर्ड : बोटांचे ठसे देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी १९६१ मध्ये ठरवले. पासवर्डला हाच न्याय लावावा का, यावर एकवाक्यता नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पासवर्ड सांगणे ही साक्ष नसल्याचे म्हटले. दिल्लीतील एका विशेष न्यायालयाने २०२२ मध्ये उलट मत दिले. पासवर्ड हा मनातून काढून घ्यावा लागतो, ठसा नव्हे. हा भेद लक्षात घेता दुसरे मत तर्काला अधिक धरून आहे.

बेकायदा मिळवलेला पुरावा : पूरणमल खटल्यापासून (१९७३) भारतात सामान्य नियम असा, की पुरावा प्रकरणाशी संबंधित असेल तर तो कसा मिळवला यावरून तो बाद होत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एका लाचप्रकरणात हा नियम बाजूला ठेवला : लाचेचा आरोप म्हणजे सार्वजनिक आणीबाणी नव्हे, असे सांगून फोन ऐकण्याचे तीन आदेश रद्द केले व ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास सांगितले. २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालय याच मार्गाने गेले, तर दिल्ली उच्च न्यायालयाने मोठ्या आर्थिक गैरव्यवहाराचा संबंध सार्वजनिक सुरक्षिततेशी जोडला.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ संमतीवर आधारलेला आहे. कलम १७ ने गुन्ह्याचा प्रतिबंध, शोध, तपास व खटला यांसाठीच्या प्रक्रियेला त्यातील बहुतेक बंधनांतून सूट दिली आहे. केंद्र सरकार अधिसूचित करील त्या शासकीय यंत्रणांना देशाची सुरक्षा, सुव्यवस्था आदी कारणांसाठी तर अधिनियमच लागू होत नाही.

गृहसचिवांनी दिलेल्या आदेशांचे आकडे नियमितपणे प्रसिद्ध होत नाहीत. ज्याचे संभाषण ऐकले गेले त्याला नंतर कळवण्याचे बंधनही भारतीय कायद्यात नाही. जर्मनीत ते आहे. त्यामुळे न्यायालयापुढे येतात ती प्रामुख्याने आरोपपत्राला ध्वनिमुद्रण जोडलेली प्रकरणे. बाकीच्या नोंदी, प्रत्यक्ष गरज उरली नसेल तर, नियमाप्रमाणे दर सहा महिन्यांनी नष्ट करायच्या असतात.