कागदातले आम्ल आणि फितीवरचा आवाज

अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात मार्क रॉथ्को यांच्या 14 मोठ्या, गडद चित्रांसाठी बांधलेले एक अष्टकोनी प्रार्थनास्थळ आहे. ते 1971 साली खुले झाले, पण त्याच्या आदल्याच वर्षी रॉथ्को यांचा मृत्यू झाला होता. पुढे त्यांतील काही चित्रांच्या काळ्या पृष्ठभागावर पांढुरकी झाक दिसू लागली. ती धूळ आहे, बुरशी आहे की रंगातूनच काही वर येत आहे, हे कळल्याशिवाय चित्राला हात लावणे धोक्याचे होते आणि विचारावे तर चित्रकार हयात नव्हता. तेव्हा संवर्धक कॅरल मॅन्कुसी-उंगारो यांनी रॉथ्को यांच्या हाताखाली काम केलेल्या सहायकांना गाठले. रॉथ्को आपल्या रंगांत तेल आणि डॅमर राळ यांच्याबरोबर अख्खी अंडीही फेटून घालत, हे त्यांच्या सांगण्यातून कळले. डब्यावर छापलेला मजकूर वाचून हे कधीच समजले नसते. या अनुभवानंतर मॅन्कुसी-उंगारो यांनी ह्यूस्टनच्याच मेनिल संग्रहालयात 1990 पासून हयात कलावंतांना त्यांच्या कलाकृतींसमोर उभे करून, कोणता रंग, कोणते कापड, कोणता डिंक, असे प्रश्न विचारून चित्रित मुलाखती घेण्यास सुरुवात केली.

कलावंताची पत्रे, हिशेबाच्या वह्या आणि आठवणी जपणे हे केवळ चरित्रकारांच्या सोयीचे काम आहे, असा समज आपल्याकडेही आहे. प्रत्यक्षात रंगाच्या दुकानाची एखादी पावती रसायनतज्ज्ञाला चित्राच्या कोपऱ्यातून खरवडून घेतलेल्या कणाइतकी उपयोगी पडू शकते, आणि तिच्यासाठी चित्राला इजाही करावी लागत नाही.

हे काम देशव्यापी प्रमाणावर करणारी संस्था म्हणजे आर्काइव्ह्ज ऑफ अमेरिकन आर्ट. डेट्रॉइटच्या कलासंग्रहालयाचे संचालक एडगर रिचर्डसन आणि संग्राहक लॉरेन्स फ्लाइशमन यांनी ती 1954 साली स्थापन केली. अमेरिकी कलेवर लिहू पाहणाऱ्याला मूळ कागदपत्रांसाठी गावोगाव हिंडावे लागे, ही त्यांची अडचण होती. त्यावर मायक्रोफिल्म हा त्या काळातला उत्तम उपाय होता, कारण मूळ कागद ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडेच राहत आणि त्यांच्या छायाप्रती एका ठिकाणी जमा होत. लवकरच मूळ कागदही येऊ लागले. 1970 मध्ये संस्था स्मिथसोनियन या अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालय-समूहाचा भाग झाली. आज तिच्याकडे 2 कोटींहून अधिक पत्रे, रोजनिशा, कात्रणवह्या, छायाचित्रे आणि अन्य कागद आहेत, तर 1958 पासून घेतल्या जाणाऱ्या मुलाखतींची संख्या अडीच हजारांच्या पुढे गेली आहे.

यातील कागद मुख्यतः एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांतला आहे, आणि नेमक्या याच काळातला कागद सर्वांत नाजूक असतो. कागदाचे बळ सेल्युलोजच्या लांब साखळ्यांत असते आणि ग्लुकोजचे शेकडो, हजारो रेणू जोडून एकेक साखळी तयार होते. चिंध्यांपासून हाताने बनवलेल्या कागदात या साखळ्या लांब असत आणि आम्ल जवळजवळ नसे. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तराचे कितीतरी मोडी कागद आजही उलगडता येतात, त्याचे एक कारण असा हातकागद हे आहे. 1807 मध्ये जर्मनीतील मोरिट्झ इलिग यांनी शाई फुटू नये म्हणून कागदाच्या लगद्यातच राळ आणि तुरटी मिसळण्याची रीत प्रसिद्ध केली. पुढे चिंध्यांच्या जागी लाकडाचा लगदा आला आणि कागद स्वस्त झाला, पण तुरटीमुळे आम्ल त्याच्या अंगातच मुरले. हवेतल्या ओलाव्याच्या साहाय्याने हे आम्ल सेल्युलोजच्या साखळ्या मधूनच तोडते. त्या तुटताना आणखी आम्ल तयार होते आणि प्रक्रिया स्वतःलाच वेग देत जाते. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातले लिग्निनही उरलेले असते आणि ते उजेडात पिवळे पडते. आम्लच कागदाच्या मुळावर उठते, हे व्हर्जिनियातील विल्यम बॅरो यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास हजारो घड्या घालून केलेल्या चाचण्यांतून ठसठशीतपणे दाखवून दिले.

चित्रकार स्वतःबद्दल छापून आलेले कात्रण हौसेने जपून ठेवतो, तेही बहुधा मित्राच्या पत्राच्या घडीत. पुढे पन्नास वर्षांनी ती घडी उलगडली, तर पत्रावर कात्रणाच्या आकाराचा तपकिरी डाग दिसतो, कारण आम्ल शेजारच्या कागदात सरकते. म्हणून अभिलेखागारात आलेल्या खोक्यातल्या टाचण्या आणि गंजलेल्या क्लिपा आधी काढतात, कात्रणे वेगळी करतात किंवा टिकाऊ कागदावर त्यांची प्रत घेतात, आणि बाकीचे कागद कॅल्शियम कार्बोनेट असलेल्या किंचित अल्कधर्मी पुठ्ठ्याच्या फोल्डरांत ठेवतात. बाहेर येणारे आम्ल हा चुना शोषून घेतो. खोली थंड आणि बऱ्यापैकी कोरडी ठेवली की उरलेली प्रक्रिया मंदावते. तापमान पाच-सहा अंश सेल्सिअसने उतरवले तर कागदाचे आयुष्य साधारण दुप्पट होते, असा व्यवहारातला ठोकताळा आहे. ऱ्हास थांबत नाही. त्याचा वेग तेवढा आपल्या हाती असतो.

आर्काइव्ह्जमधल्या चित्रकार हॉरेस पिपिन यांच्या वह्या पाहिल्या की या खटाटोपाचे मोल कळते. पहिल्या महायुद्धात 369 व्या पायदळ तुकडीत लढलेल्या या कृष्णवर्णीय सैनिकाच्या उजव्या खांद्यात गोळी लागली आणि हात जवळजवळ निकामी झाला. तरीही त्यांनी आघाडीवरच्या आठवणी साध्या वह्यांत लिहिल्या आणि त्यांत पेन्सिलीने व रंगीत खडूने चित्रे काढली. चित्रकार म्हणून त्यांचे नाव पुढे बऱ्याच वर्षांनी झाले. वही स्वस्तातली, अक्षर अडखळते आणि शुद्धलेखन मनाचे. एखाद्या नीटनेटक्या वारसदाराने ती रद्दीत घातली असती तर त्याला दोष देणेही कठीण गेले असते.

खोक्यातल्या कागदांचा क्रम कर्त्याने लावला असेल तसाच राखायचा, हा अभिलेखशास्त्राचा जुना नियम आहे. दोन पत्रांच्या मध्ये एक किराणा बिल आले असेल, तर त्या बिलामुळे तारीख नसलेल्या पत्राचा आठवडा ठरू शकतो. विषयवार गठ्ठे करण्याच्या उत्साहात हा पुरावा कायमचा पुसला जातो. (माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान कीड आणि ओल यांच्यापेक्षा अशा हौशी आवराआवरीने होते, पण हे मोजण्याचे साधन नाही.)

ध्वनिफितींची गोष्ट वेगळी आहे. कागद थंड खोलीत निवांत पडू दिला तर टिकतो, पण फीत तशीच पडू दिली तर हातची जाते. सुरुवातीच्या अनेक फितींचा पाया सेल्युलोज ॲसिटेटचा होता. त्याचे विघटन होताना ॲसिटिक आम्ल सुटते, डबा उघडताच व्हिनेगरचा वास येतो आणि फीत आक्रसून वेडीवाकडी होते. नंतर आलेल्या पॉलिएस्टरच्या फितींचा पाया भक्कम होता, पण चुंबकीय कण धरून ठेवणारा पॉलियुरेथेनचा लेप हवेतला ओलावा पिऊन चिकट होऊ लागला. अशी फीत यंत्रावर लावली की किंचाळल्यासारखा आवाज येतो आणि आवाज साठवलेला थरच खरवडून निघतो. यावरचा उपाय ऐकायला विचित्र आहे. फीत सुमारे 50 ते 55 अंश सेल्सिअसच्या नियंत्रित उष्णतेत काही तास ठेवतात, त्यामुळे लेप तात्पुरता घट्ट होतो, आणि तो पुन्हा ओलावा धरण्याआधी ध्वनी संगणकात उतरवून घेतात. ॲसिटेटच्या फितीवर हाच प्रयोग केला तर ती नष्ट होईल, म्हणून आधी फितीची जात ओळखावी लागते. उतरवताना ध्वनिलहरीचे मोजमाप सेकंदाला 96 हजार वेळा आणि 24 बिटच्या सूक्ष्मतेने करण्याची शिफारस आहे. एका मायक्रोफोनवरच्या तासाभराच्या मुलाखतीची फाइल मग सुमारे 1 गिगाबाइट भरते.

मौखिक इतिहासाच्या, म्हणजे लोकांच्या आठवणी मुलाखतींतून नोंदवून ठेवण्याच्या कामाच्या, आरंभी फितीला एवढा मान नव्हता. कोलंबिया विद्यापीठात 1948 साली इतिहासकार ॲलन नेव्हिन्स यांनी हे काम सुरू केले, तेव्हा टंकलिखित संहिता हेच खरे दस्तऐवज मानले जाई आणि मुलाखत उतरवून झाली की फीत पुसून पुन्हा वापरली जात असे. बोलणाऱ्याचा अडखळणारा स्वर, उत्तराआधीची शांतता, एखाद्या नावावर येणारा हसू आवरल्याचा आवाज या सगळ्यासकट ती पुसली गेली.

आता प्रश्न उरतो तो आठवणींच्या भरवशाचा. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी 1932 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत इंग्लिश वाचकांना अमेरिकेतील मूळ रहिवाशांची एक लोककथा वाचायला दिली आणि काही काळाने ती पुन्हा सांगायला लावली. कथेतली डोंगी सांगताना साधी होडी झाली आणि कळायला अवघड भाग गळून पडले. आठवण म्हणजे कपाटातून काढलेली वस्तू नसून दरवेळी नव्याने घातलेली घडण असते, हा त्यांचा निष्कर्ष होता. छायाचित्रकार डोरोथिआ लँग यांनी 1936 मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे मुलांना बिलगून बसलेल्या स्थलांतरित आईचे प्रसिद्ध छायाचित्र काढले. त्या बाईने अन्नासाठी मोटारीचे टायर नुकतेच विकले होते, असे लँग यांनी 24 वर्षांनी लिहिले. बाईच्या मुलाने पुढे सांगितले, की विकायला टायर नव्हतेच. लँग खोटे बोलत होत्या असे म्हणण्याचे कारण नाही. त्या वाताहतीत भेटलेल्या दुसऱ्या कुटुंबाची हकीकत या चेहऱ्याला चिकटली असणे सहज शक्य आहे.

याच लँग यांची मुलाखत आर्काइव्ह्जसाठी रिचर्ड डाउड यांनी 22 मे 1964 रोजी घेतली. मंदीच्या काळात सरकारने कलावंतांना दिलेल्या कामांविषयी फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने चाललेल्या मुलाखतींपैकी ती एक होती. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात लँग वारल्या. तपशिलांसाठी त्यांच्या बोलण्यावर विसंबण्याआधी संशोधकाला त्या काळच्या टिपणवह्या, सरकारी पत्रव्यवहार आणि निगेटिव्हवरचे क्रमांक पडताळावे लागतात. मात्र आपण कुठे थांबलो, का थांबलो आणि कोणाशी काय बोलल्यावर कॅमेरा काढला, याविषयीचे त्यांचे स्वतःचे आकलन कोणत्याही सरकारी कागदात मिळत नाही.

आता येणाऱ्या संग्रहांत कागद कमी आणि हार्ड डिस्क जास्त असतात. त्यांचे काम सुरू होते ते डिस्कवर काहीही लिहिले जाणार नाही अशा जोडणीने, कारण नुसती फाइल उघडली तरी संगणक तिच्या तारखांत ढवळाढवळ करू शकतो. मग प्रत्येक फाइलचा एक गणिती ठसा काढतात आणि ठरावीक काळाने तो पुन्हा काढून जुन्याशी ताडून पाहतात. कोट्यवधींपैकी एक बिट जरी उलटले, तरी दोन ठसे जुळत नाहीत आणि दुसऱ्या शहरात ठेवलेली प्रत बाहेर काढावी लागते.