एनए वेगळं, नल वेगळं: कोरा चौकोन आणि न आखलेला रकाना

‘सर, डेटात एनए आहेत. एनए.आरएम ट्रू लावलं तरी जात नाहीत.’ सोलापुरात आर (R, आकडेवारीची संगणकभाषा) शिकवताना प्रत्येक तुकडीत हे वाक्य ऐकतो. एनए म्हणजे माहीत नसलेली किंमत, आणि एनए.आरएम ट्रू म्हणजे ‘हिशोबात एनए गाळ’. मग स्क्रीन बघतो तर डेटात बहुतेक वेळा एकही एनए नसतो. ज्याची सरासरी मागितली तो रकानाच तिथे नसतो. तासभर एनए शोधत बसलेला विद्यार्थी पाहिला की जीव तुटतो, कारण चूक एका अक्षराची असते.

एनए बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. जागा आहे, किंमत माहीत नाही. कांद्याच्या आवकेची नोंद घ्या: तारीख, आवक, किमान दर, कमाल दर. समजा संक्रांतीला लिलाव बंद होते. त्या दिवशी आवक शून्य, कारण खरोखरच एक पोतंही उतरलं नाही. दर मात्र एनए, कारण लिलावच नाही तर दर कुठला? एनए दिसलं की शून्य भरून मोकळे होणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, असं करू नका. उजनी धरणाच्या पाणीसाठ्याच्या आकड्यांत तर मुळीच नको. तिथे शून्य टक्के म्हणजे उपयुक्त साठा संपला, खाली सुमारे ६३ टीएमसी मृत साठा आहेच, आणि उन्हाळ्यात धरण मायनसमध्येही जातं. तिथे शून्य ही एक ठाम नोंद आहे. ज्या दिवशी मोजणीच झाली नाही, त्या दिवसावर ती चिकटवायची नसते.

नल (NULL) म्हणजे नोंदवहीत तो रकानाच आखलेला नाही. एनएची लांबी एक, नलची लांबी शून्य. सगळा घोळ इथून सुरू होतो.

बाजार या डेटाफ्रेममध्ये (ओळी-रकान्यांच्या तक्त्यात) नसलेला रकाना डॉलर चिन्हाने ($) मागितला, तर आर एरर देत नाही. गुपचूप नल देतो. पुढे काय होतं ते नीट पाहा. त्या नलची मीन (सरासरी) काढली की उत्तर येतं एनए, सोबत वॉर्निंग: ‘आर्ग्युमेंट इज नॉट न्यूमेरिक ऑर लॉजिकल’. विद्यार्थ्याला फक्त एनए दिसतं, वॉर्निंग कुणी वाचत नाही. मग एनए.आरएम लावतात, आणि उत्तर तेच. गाळायला आत काहीच नाही, गाळणार काय? याच नलची सम (बेरीज) काढली तर उत्तर शून्य, तेही वॉर्निंगशिवाय. अहवालात ‘एकूण आवक ०’ छापून जातं आणि कुणाला शंकाही येत नाही. आणि ‘दर दोन हजारांच्या वर असलेल्या ओळी’ मागितल्या, तर शून्य ओळी हाती येतात, जणू त्या महिन्यात भाव चढलाच नाही.

रकाना नाहीसा का होतो? कधी कॅपिटल अक्षराचा फरक. कधी एक्सेलमधल्या नावात स्पेस होती आणि फाइल वाचणाऱ्या रीड.सीएसव्ही फंक्शनने तिथे टिंब घातलं. पण सगळ्यात फसवं कारण वेगळं आहे: साध्या डेटाफ्रेमवर डॉलर चिन्ह अर्धवट नावही चालवून घेतं. तुमच्याकडे फक्त दर_किमान हा रकाना असेल आणि तुम्ही बाजार$दर लिहिलं, तर मुकाट्याने किमान दर मिळतो. पुढच्या महिन्याच्या फाइलमध्ये दर_कमाल जोडला गेला की नाव दोन ठिकाणी जुळतं आणि तोच कोड नल देतो. कोडला कुणी हात लावलेला नसतो, म्हणून सगळे डेटाला दोष देतात. टिबल (डेटाफ्रेमचाच अधिक काटेकोर प्रकार) असा अर्धवट जुळवत नाही आणि रकाना नसेल तर वॉर्निंग देतो, म्हणून नवशिक्यांनी टिबलच वापरावा असं माझं ठाम मत आहे.

इफच्या (‘जर-तर’च्या) अटीत मात्र हे दोघे आपापलं नाव सांगतात. ‘मिसिंग व्हॅल्यू व्हेअर ट्रू/फॉल्स नीडेड’ आलं तर समोर एनए आहे. ‘आर्ग्युमेंट इज ऑफ लेन्थ झीरो’ आलं तर नल. हे दोन संदेश वेगळे ओळखता आले की निम्मा त्रास वाचतो. तपासायचं फंक्शनही वेगळं, एकाला इज.एनए, दुसऱ्याला इज.नल, बरोबरीचं चिन्ह दोघांनाही चालत नाही.

आता ‘निरंक’. सरकारी नोंदीत हा शब्द शोभतो, सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या फाइलमध्ये) तो घात करतो. आवकेच्या एका चौकोनात निरंक लिहिलं की अख्खा रकाना मजकूर होतो. त्याची मीन काढली तर तीच वॉर्निंग, तेच एनए, म्हणजे नलसारखंच दिसतं. ओळखायचं कसं? सम काढून बघा. नलची सम शून्य येते, मजकुरावर ‘इनव्हॅलिड टाइप’ अशी एरर येते. आणि दुरुस्त करताना निरंकचा सरसकट एनए करू नका. आवकेत निरंक म्हणजे शून्यच.

माझी पद्धत साधी आहे. फाइल वाचली की आधी नेम्स (रकान्यांची नावं), मग एसटीआर (प्रत्येक रकाना आकड्यांचा की मजकुराचा), मगच हिशोब. महिन्यामागून महिना चालणाऱ्या कोडमध्ये डॉलर चिन्ह मी वापरतच नाही. एकेरी चौकोनी कंसात स्वल्पविरामानंतर रकान्याचं पूर्ण नाव लिहितो. रकाना नसेल तर आर तिथेच ‘अनडिफाइन्ड कॉलम्स सिलेक्टेड’ म्हणून थांबतो. दुहेरी कंसाने हे काम होत नाही, साध्या डेटाफ्रेमवर तोही नलच देतो.

लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करणारा कोड) चालवून रोजचा दर सी फंक्शनने एकापुढे एक जोडत असाल तर आणखी जपा. एनए आपली जागा धरून बसतो, नल मागमूस न ठेवता गळून जातो. जानेवारीच्या ३१ तारखांना ३० दर उरतात, आणि डेटाफ्रेम बनवताना ‘डिफरिंग नंबर ऑफ रोज: ३१, ३०’ अशी एरर येते. तिथे शेवटी एक एनए चिकटवून आकडा जुळवू नका, गळलेल्या तारखेपासून पुढचे सगळे दर एक दिवस मागे सरकलेले असतात. तो दिवस शोधून त्याच जागी एनए ठेवा.

आणि रकाना कोरा करायचा म्हणून त्यात नल टाकू नका. बाजार$आवक ला एनए दिलं तर चौकोन कोरे होतात, नल दिलं तर रकानाच उडतो. उडालाच, तर डिस्कवरची मूळ फाइल शाबूत असते. ती पुन्हा वाचून घ्या.