उणे अडीचची रेष आली कुठून?

डेक्साच्या, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या स्कॅनच्या, आधी बायकांची हाडं ठिसूळ झालीत हे कळायचं ते बहुतेक वेळा फ्रॅक्चर झाल्यावरच, कारण साध्या एक्सरेवर हाड विरळ दिसेपर्यंत त्यातलं ३० ते ४० टक्के खनिज गेलेलं असतं. १९६३ मध्ये किरणोत्सारी आयोडीन वापरून मनगटाजवळचं हाड मोजायची पद्धत आली, पुढे गॅडोलिनियमवाल्या मशीनने मणका आणि खुबाही मोजता यायला लागला, पण स्कॅनला वेळ फार लागायचा. १९८७ च्या सुमारास किरणोत्सारी स्रोत जाऊन एक्सरे ट्यूब आली, तोच आजचा डेक्सा.

मशीन आलं, पण "कमी" म्हणजे किती कमी हे कुणी ठरवलेलं नव्हतं. ते ठरलं १९९४ मध्ये, एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या अहवालात. निरोगी तरुण बायकांच्या सरासरीच्या खाली अडीच एसडी (स्टँडर्ड डिव्हिएशन, सरासरीपासूनच्या फरकाचं माप; या आकड्यालाच टी-स्कोअर म्हणतात) किंवा आणखी खाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, आणि उणे १ ते उणे अडीचच्या मधल्या सगळ्या ऑस्टिओपेनियात. अडीचच का, तर ही रेष धरली की पाळी गेलेल्या गोऱ्या बायकांपैकी साधारण ३० टक्के तिच्याखाली येत होत्या आणि अशा सगळ्या गोऱ्या बायकांत आयुष्यात फ्रॅक्चर होण्याचं प्रमाणही जवळपास तेवढंच होतं. म्हणजे हा आकडा मुळात लोकसंख्येत आजार किती आहे हे मोजायला काढलेला, समोर बसलेल्या एका बाईला गोळी द्यायची की नाही हे ठरवायला नाही! पण १९९५ मध्ये अमेरिकेत अ‍ॅलेन्ड्रोनेट या हाडांच्या गोळीला मंजुरी मिळाली, औषध आणि आकडा दोन्ही एकदमच हाताशी आले आणि बघता बघता ही रेषच निदान होऊन बसली.

ऑस्टिओपेनिया या शब्दाने तर जास्तच घोळ घातला, असं मला ठामपणे वाटतं. तो आजार नाही, नुसता एक पट्टा आहे, तरी रिपोर्टवर तो शब्द वाचून बाई हादरते. आणि दुसरीकडे, एकूण फ्रॅक्चरांपैकी निम्म्याहून जास्त उणे अडीचच्या वरच्याच बायकांना होतात, कारण त्यांची संख्याच मोठी. वयाचंही तेच, ५५ व्या वर्षीचा उणे अडीच आणि ८० व्या वर्षीचा उणे अडीच यात धोक्याचा केवढा फरक, पण टी-स्कोअर दोघींना एकच लेबल लावतो. त्यात म्हातारपणी मणक्याला संधिवाताची वाढ झालेली असली की तिथला आकडा खोटाच चांगला येतो, म्हणून खुब्याचा आकडा बघायलाच हवा.

२००८ मध्ये फ्रॅक्स आलं, म्हणजे वय, आधीचं फ्रॅक्चर, स्टिरॉइड, आईवडिलांचा खुबा मोडला होता का वगैरे धरून पुढच्या १० वर्षांचा धोका काढायचा. ब्रिटनमध्ये ७० ते ८५ वयाच्या १२,४८३ बायकांवर हीच वाट तपासली, आधी फ्रॅक्सची प्रश्नावली, धोका जास्त त्यांनाच डेक्सा. २०१८ च्या निकालात अशी तपासणी न केलेल्यांपेक्षा खुब्याची फ्रॅक्चरं २८ टक्क्यांनी कमी दिसली, एकूण फ्रॅक्चरांत मात्र ठळक फरक नव्हता.

आता दुसऱ्याच कारणाने काढलेल्या पोटाच्या सीटीवरून कमरेच्या पहिल्या मणक्याची घनता मोजायचं चाललंय. वेगळा स्कॅन नाही, जादा रेडिएशन नाही, मला हे खूप आशादायक वाटतं. पण कॉन्ट्रास्ट (चित्र उठून दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) दिला की आकडा चढतो, मशीन बदललं की हलतो, त्यामुळे रेष कुठे ओढायची हा वाद तिथेही सुरू झालाच आहे.