तबकड्या, रंगभवन आणि नाशिकचे श्रोते : पार्श्वभूमी

आवडीच्या तबकड्या घेऊन एकत्र बसण्याची आणि ऐकता ऐकता रॉकच्या मैफलींच्या आठवणी काढण्याची जी रीत नाशिकमध्ये आमच्यासारख्या काही मित्रांनी जपली आहे, तिचे मूळ हौसेइतकेच टंचाईतही आहे.

अमेरिकेत कोलंबिया कंपनीने १९४८ मध्ये व्हिनाइल या प्लास्टिकची एलपी (‘लाँग प्ले’, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी) बाजारात आणली, तेव्हा लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-चार मिनिटे मावत होती आणि एलपीवर वीसहून अधिक मावू लागली. आपल्याकडे मात्र लाख लवकर हटली नाही. ७८ च्याच तबकड्या वाजवणारे चावीचे ग्रामोफोन घरोघरी चालू असल्याने बीटल्सची गाणीसुद्धा साठच्या दशकात ग्रामोफोन कंपनीने ७८ च्या तबकड्यांवर काढली, आणि त्या भारतीय तबकड्यांसाठी आज जगभरचे संग्राहक धडपडतात. परदेशी माल सहज आयात होत नसे. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात जे निघेल, त्यावरच बहुतेकांची भिस्त असे.

अशा काळात एलपी एकाच्या मालकीची राहणे शक्यच नव्हते. माझ्याजवळच्या एका एलपीच्या आतल्या कागदी पाकिटावर तीन निरनिराळ्या शाईंत तीन नावे आहेत, आणि दुसऱ्या बाजूच्या पहिल्याच गाण्यात सुई एका जागी अडते. ती अडली की आम्ही बोटाने हलकेच पुढे सरकवतो. नवी प्रत घ्यावी असे कुणालाही वाटत नाही. ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि एका एलपीवरून दहा घरांसाठी भरून घेण्याची सोय झाली, तरी मूळ तबकडी हाताळण्याचा मान ज्याच्या त्याच्या पाळीनेच मिळे.

प्रत्यक्ष मैफलीसाठी मुंबईच गाठावी लागे. धोबी तलावाजवळच्या खुल्या रंगभवनात २६ मार्च १९८० रोजी ‘द पोलीस’ हा ब्रिटिश बँड वाजला आणि १९८६ पासून तेथे ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरू लागला, ज्यात परदेशी नव्हे तर आपल्याच मुलांचे बँड ऐकायला मिळत. नाशिककरांची खरी अडचण परतीची होती. सकाळी पंचवटी एक्स्प्रेसने जाता येई, पण तीच गाडी संध्याकाळी मुंबईहून सुटत असल्याने रात्रीच्या कार्यक्रमाला थांबणाऱ्याला उशिराची गाडी, एसटी किंवा फलाटावरचा बाक यांतून निवड करावी लागे. म्हणूनच आमच्या आठवणींत गिटारच्या सुरांबरोबर कसारा घाटातली पहाटही येते.

रंगभवन शांतता क्षेत्रात मोडत असल्याने पुढे तेथील मैफली बंद पडल्या. २००८ पासून गंगापूर धरणाच्या बाजूला सुला वाइनरीत ‘सुलाफेस्ट’ सुरू झाला आणि देशोदेशीचे बँड नाशिकच्या दारात आले. त्या महोत्सवातून आम्ही अर्ध्या तासात घरी पोचतो, आणि त्याच रात्री बैठकीत ती अडणारी एलपी लावतो.